करवतपानी ओकची सुनावणी

व्हर्डेल हार्डिमनने एकतीस वर्षं आमच्या काउंटीच्या कोर्टापुढची हिरवळ राखली. मी त्याच इमारतीत तळमजल्याला अर्जांच्या खिडकीत बसते, त्यामुळे त्यातली सव्वीस वर्षं मी त्याला काचेतून पाहत आले. उंच, किंचित वाकलेला, डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची फुकट मिळालेली टोपी. बोलणं कमी. झाडांबद्दल विचारलं तर मात्र थांबत नसे, आणि समोरच्याची जेवणाची सुट्टी संपत आली आहे हे त्याच्या गावीही नसे.

हार्डिमन मंडळी या दक्षिण इंडियानात १८३५ पासूनची. नदीकाठी तेव्हा काळ्या लोकांची एक वस्ती होती, स्वतंत्र माणसांची, स्वतःच्या जमिनीवरची. त्यातलं हे एक घर. मी स्वतः गोरी, पण हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोण इथलं आणि कोण बाहेरचं यावर बराच काथ्याकूट व्हायचा आहे.

सुरुवात झाली ती एका दातांच्या डॉक्टरमुळे. कोर्टापुढे दर नाताळात गोठा मांडायची आमच्याकडे जुनी रीत. बाळ येशू, मेंढ्या, पेंढा. निवृत्त डॉक्टर ऑल्ब्रिटन यांनी अर्ज केला की त्या गोठ्याशेजारी मला पाटी लावायची आहे, आणि पाटीवर लिहायचं आहे : वर कोणी नाही. काउंटी मंडळाचे अध्यक्ष ड्युएन स्ट्रोबेल, त्यांचं ट्रॅक्टरांचं दुकान आहे, ते वकिलाकडे धावले. वकील म्हणाला, "सरकारी जागेत एकाला बोलू दिलंत की सगळ्यांना बोलू द्यावं लागतं. नाहीतर कोणालाच नाही. मधलं काही नाही."

गोठा काढायची ड्युएनची छाती नव्हती, पुढच्या वर्षी निवडणूक होती. तेव्हा ठरलं, सगळ्यांना. प्रत्येकी दहा फूट बाय दहा फूट जागा, वर्षभराची परवानगी. देखभाल काउंटीची, म्हणजे व्हर्डेलची.

त्याने चुना आणि दोरी घेऊन चौकोन आखले. वर्षभरात एकोणीस चौकोन भरले. सांडपाण्याच्या करावर चिडलेल्या प्लंबरने आठ फुटी संडासाचं भांडं उभं केलं. मांसाहार सोडा म्हणणाऱ्या मंडळींनी रडणारं डुक्कर ठेवलं, तर डुक्कर पाळणाऱ्यांच्या संघाने बरोबर समोर हसणारं डुक्कर ठेवलं. आपल्याला उडत्या तबकडीतून नेऊन परत आणून सोडलं असं सांगणारी एक शिक्षिका होती, तिने ती तबकडी बनवून आणली. क्लेटन फुगेट नावाच्या माणसाने नुसती 'नाही' अशी पाटी लावली. मी अर्ज घेताना विचारलं, "कशाला नाही?"

"ते अजून ठरवलेलं नाही," तो म्हणाला.

व्हर्डेल सगळ्यांभोवतीचं गवत तीन इंचांवर कापायचा. रडणाऱ्या डुकराभोवती जास्त बारीक कापतो, अशी तक्रार आली तेव्हा तो पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि तक्रारदाराला प्रत्येक चौकोनातलं गवत मोजून दाखवलं. एकोणीसच्या एकोणीस. तक्रारदार चौथ्यालाच कंटाळला होता, पण व्हर्डेलने त्याला जाऊ दिलं नाही.

विसावा अर्ज आला ग्रँट लुडकेचा. वय चौतीस, गाद्यांच्या दुकानात उपव्यवस्थापक. संघटनेचं नाव 'शुद्ध भूमी रक्षक'. सदस्य पाच. ग्रँट स्वतः, बोमन घराण्यातले दोन भाऊ, कायम शिरस्त्राण घालणारा एक गृहस्थ, आणि ग्रँटची आई मार्लिस. ग्रँटचा गाडीचा परवाना रद्द झालेला असल्यामुळे मोर्चांना सगळ्यांना आईच घेऊन जायची. अर्जात लिहिलं होतं की आम्ही अस्सल अमेरिकी पांढऱ्या ओकचं रोप लावणार आणि खाली पाटी लावणार. पाटीवरचा मजकूर : 'या मातीत उगवले त्यांचीच ही माती. बाकीच्यांनी आले तिथे जावं.' बाकीचे कोण, ते तोंडी सांगताना ग्रँटने खिडकीबाहेर, व्हर्डेलकडे, हनुवटीने खूण केली.

ड्युएन पुन्हा वकिलाकडे. वकील म्हणाला, "मत घाणेरडं आहे म्हणून नाकारता येत नाही. दहा फुटांच्या बाहेर गेलं तर येतं." ड्युएन मोठ्या आशेने स्वतः टेप घेऊन आले. रक्षकांनी पाटीसाठी मांडलेल्या ओट्याची लांबी निघाली नऊ फूट अकरा इंच.

एप्रिलमधल्या एका शनिवारी रक्षक रोप लावायला आले. काळे शर्ट, झेंडे, कर्णा, सगळं होतं. फावडं आणलं नव्हतं. ग्रँट लहान असताना त्यांच्या बेसबॉलच्या सामन्यांना व्हर्डेल पंच असायचा. ती सवय जिभेला कुठेतरी राहिली असावी.

"अहो मिस्टर हार्डिमन, फावडं मिळेल का?" असं तो बोलून गेला. मग मागच्या चौघांकडे बघून सावरला. "म्हणजे, फावडं आण."

"कुठलं आणू? टोकाचं की सपाट?"

ग्रँट जरा घुटमळला. "कुठलं लागतं?"

व्हर्डेलने टोकाचं आणून दिलं आणि सांगितलं, "खड्डा रुंद घे पोरा, खोल नको. खांब नाही पुरायचाय."

"आमच्या कामात लुडबुड नको."

त्यांनी खांबासारखाच खड्डा घेतला, रोप गळ्यापर्यंत पुरलं, तारेने आवळून बांधलं आणि कर्णा वाजवला. सोमवारी व्हर्डेलने कामाच्या वेळेत गळ्यापासची माती उकरली, तार सैल केली आणि दोन बादल्या पाणी घातलं.

त्याची बायको जोनेटा शाळेच्या भटारखान्यात कामाला. दर बुधवारी ती त्याचा डबा घेऊन यायची आणि दोघं ट्रकच्या मागच्या फळीवर बसून जेवायचे. माझी खिडकी उघडी असली की सगळं ऐकू यायचं. ऐकू जावं म्हणूनच ती बोलायची.

"त्यांनी तुला इथून जा म्हणून पाटी लावली, आणि तू त्या पाटीला पाणी घालतोस?"

"पाटीला नाही, झाडाला घालतो."

"पाटी झाडाखालीच आहे ना? शिंपडता शिंपडता एक दिवस तिलाही पालवी फुटेल."

"मग काय त्या प्लंबरच्या भांड्याला घालू पाणी?"

"त्यात घाल. त्यात तरी काही वाहून जाईल."

मेच्या शेवटी रोपाला पानं फुटली. व्हर्डेल खिडकीशी आला. एरवी तो बोटाने काच वाजवायचा, त्या दिवशी तळव्याने वाजवली. "लोर्ना, बाहेर ये. एक गंमत बघ."

मी गेले. पान लांबट, अरुंद, कडेला बारीक काट्यांचे दाते, अगदी करवतीसारखे.

"पांढऱ्या ओकचं पान कसं असतं?" त्याने विचारलं.

"गोल गोल बोटांचं. एवढं मलाही माहीत आहे."

"हा करवतपानी ओक. चीन, कोरिया, जपान. हिमालयाच्या पायथ्याशीही होतो. शिकारी लोक हरणांना खायला म्हणून लावतात, म्हणून दुकानात स्वस्त मिळतो." तो हसत नव्हता. झाडाच्या बाबतीत तो कधी हसायचा नाही. "आता याला पट्टी लावावी लागेल."

पट्टीचा नियम १९८७ सालचा, बागप्रेमी महिला मंडळाच्या आग्रहाने झालेला. कोर्टाच्या हिरवळीवरच्या प्रत्येक झाडावर त्याचं नाव आणि मूळ ठिकाण लिहिलेली पट्टी हवी. व्हर्डेल ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एकेक अक्षर हातोडीने ठोकून उमटवायचा. त्रेचाळीस झाडं, त्रेचाळीस पट्ट्या, सगळ्या त्याच्या हातच्या.

"व्हर्डेल," मी म्हटलं, "ही राहू दे. मी कोणाला सांगणार नाही."

"बाकीच्यांना लावली आणि याला नाही? असं कसं?"

पट्टी लावण्याआधी त्याने माझ्याच टेबलावरून गाद्यांच्या दुकानात फोन केला. "ग्रँट, हार्डिमन बोलतोय, कोर्टावरून. तुझं झाड चिनी निघालं." पलीकडून आरडाओरडा. व्हर्डेलने फोन कानापासून लांब धरला आणि ओरडा ओसरल्यावर म्हणाला, "नाही, मी बदललेलं नाही. तब्येत चांगली आहे त्याची. तेवढंच सांगायला फोन केला."

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. तिच्यात दोन मुद्दे होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. एक, काउंटीच्या नोकराने चोरून झाड बदललं. दोन, झाड तेच आहे, पण आमच्या चौकोनात त्याला चिनी म्हणून काउंटीने आमच्या तोंडात आपले शब्द घातले, म्हणजे आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आला. ड्युएननी जुलैमध्ये जाहीर सुनावणी लावली. बोलणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं.

वरचं मोठं दालन भरून माणसं व्हरांड्यात उभी राहिली. वातानुकूलन बंद पडलेलं. राज्याच्या कृषी महाविद्यालयातून झाडं ओळखणाऱ्या एक बाई दोन तास गाडी चालवून आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर पान दाखवलं आणि व्हर्डेलने सांगितलं होतं तेच सांगितलं.

शिरस्त्राणवाला उठला. "रक्त तपासलंत का?"

"झाडाला रक्त नसतं," बाई म्हणाल्या.

"मग ते शुद्ध आहे की नाही हे ठरवलं कसं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातलाच नाही.

डॉक्टर ऑल्ब्रिटन ग्रँटच्या बाजूने बोलले. "हा माणूस मूर्ख आहे," ते म्हणाले, "आणि त्याच्या मूर्खपणाच्या हक्कासाठी मी शेवटपर्यंत भांडेन." ग्रँट आभार मानायला अर्धवट उठला आणि पहिला भाग लक्षात येऊन बसला. प्लंबर सांडपाण्यावर तीन मिनिटं बोलला. क्लेटन फुगेटने माइक हातात घेतला, "नाही" म्हणाला, आणि उरलेला वेळ सगळ्यांकडे बघत उभा राहिला. वेळ त्याचा होता, त्यामुळे ड्युएनना त्याला बसवता येईना.

मग थोरला बोमन उठला. बिचारा खरंच झाडाच्या प्रेमात पडला होता, मी त्याला दोनदा गुपचूप पानं कुरवाळताना पाहिलं होतं. "हे बघा," तो म्हणाला, "बी कुठलंही असो. रोप टेनेसीतल्या रोपवाटिकेत रुजलं. इथल्या मातीत उभं आहे, इथलं पाणी पितंय. मग ते इथलंच की! त्याला परत जा कसं म्हणता? कुठे जाईल ते?"

मागच्या रांगेतून पास्टर लाइल्स, हार्डिमनांच्या चर्चचे, जोरात म्हणाले, "आमेन!"

सगळं दालन हसायला लागलं. थोरल्या बोमनला कळेना काय झालं. आपलं भाषण आवडलं असं वाटून तो हात हलवायला लागला.

"गप बस, गाढवा!" धाकटा बोमन ओरडला. "रुजलं कुठे ते नाही बघायचं, आजोबा कुठून आले ते बघायचं!"

"आपल्या ग्रँटचे आजोबा हँबुर्गहून आले," मार्लिसबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "एकोणीसशे सव्वीस साली. बोटीवर उलट्या करकरून अर्धे झाले होते."

"आई, तू खाली बस."

"मी बसलेलीच आहे. आणि माझी तीन मिनिटं अजून शिल्लक आहेत."

शेवटी व्हर्डेलचं नाव पुकारलं. आता हा काहीतरी बोलणार म्हणून वर्तमानपत्रवाल्याने वही उघडली. व्हर्डेलने टोपी काढली.

"रोप खोल लावलंय," तो म्हणाला. "मुळांना हवा नाही. ऑगस्टात ऊन चढलं की आठवड्याला वीस गॅलन पाणी लागेल. तार मी सैल करतो, पण कोणीतरी येऊन परत आवळतं. आवळू नका. खोड जाड होतंय, साल कापली जाईल." जरा विचार केला. "पट्टीवर लिहिलंय ते बरोबर आहे. एवढंच."

"मिस्टर हार्डिमन, अजून दोन मिनिटं वीस सेकंद आहेत तुमची," ड्युएन म्हणाले.

"नकोत."

ती दोन मिनिटं वीस सेकंद मला द्या, असं प्लंबर म्हणाला. मला द्या, असं तबकडीवाली शिक्षिका म्हणाली. एकाचा उरलेला वेळ दुसऱ्याला देता येतो का, यावर वकिलाला बोलावून चाळीस मिनिटं चर्चा झाली. देता येत नाही असं ठरलं.

निकाल आठवड्याने लागला. रक्षकांच्या झाडाला पट्टी लावणं योग्य की अयोग्य यात मंडळाला पडायचं नव्हतं. तेव्हा समान न्याय म्हणून सगळ्याच झाडांच्या पट्ट्या काढायच्या. व्हर्डेल दोन दिवस पान्हा घेऊन फिरत होता. चव्वेचाळीस पट्ट्या त्याने एका बादलीत भरल्या. मी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"फार कोणी वाचत नव्हतंच," तो म्हणाला.

"मी वाचायचे."

"तू तर एल्मला मेपल म्हणतेस." तो बादली उचलून गेला. त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने माझ्या काचेकडे बघून हात केला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं सगळं भराभर झालं. दोघा बोमन भावांची मारामारी होऊन संघटना फुटली. थोरल्याने 'इथे रुजलेले' या नावाने वेगळा चौकोन मागितला, धाकट्याने 'आजोबा बघा' या अर्थाचा वेगळा. क्लेटन फुगेटने दुसऱ्या 'नाही'साठी अर्ज टाकला. जागा उरली नव्हती. सहा वकिलांच्या नोटिसा आल्या आणि सप्टेंबरात ड्युएननी हात टेकले : आता कोणालाच नाही. डुकरं गेली, भांडं गेलं, तबकडी गेली. आणि अर्थातच गोठाही गेला. झालं, सगळं गाव व्हर्डेलवर उलटलं. हार्डवेअरच्या दुकानात तो शिरला की माणसं बोलायची थांबायची. 'एका पट्टीपायी येशूला हाकललं,' असं कोणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं. ग्रँटच्या पाटीला कोणी एवढं बोललं नव्हतं. ग्रँट तोवर बदली मागून दुसऱ्या शहरातल्या गाद्या विकायला निघूनही गेला होता.

झाड तेवढं राहिलं. नियमाप्रमाणे मालकाने न्यायचं, नाहीतर काउंटीने उपटायचं. नोव्हेंबरात मार्लिसबाईंचा फोन आला, "माझ्या अंगणात लावून द्याल का?" पानं गळल्यावर व्हर्डेलने मुळांसकट ते उकरलं, गोणपाटात बांधलं. मालमत्ता परत केल्याच्या कागदावर सही घ्यायची होती म्हणून मी बरोबर गेले. बुधवार होता, जोनेटाही होती. ती ट्रकमधून उतरली नाही. काच वर करून, हाताची घडी घालून बसून राहिली.

व्हर्डेलने खड्डा घेतला, रुंद आणि उथळ. तास गेला असेल. बाईंनी दार उघडलं. "लोर्ना, आत ये ना, किती गारठलीस! पर्सिमनची पुडिंग केलीय." मी आत गेले. उबदार स्वयंपाकघर, टेबलावर फुलाफुलांची चादर. मी पुडिंग खाल्ली, दुसऱ्यांदा घेतली, सही घेतली. बाई एक कप कॉफी बाहेर देऊन आल्या आणि आत येऊन मला विचारत राहिल्या की हे झाड किती उंच होतं.

परतताना आम्ही तिघं ट्रकच्या एकाच बाकावर. ट्रक मोठ्या रस्त्याला लागला. मग जोनेटाने नवऱ्याला विचारलं, "कॉफी दिली का तिने?"

"दिली."

"कुठे?"

"पायरीवर."

"कप कसला होता?"

"कपासारखा कप. चांगली गरम होती कॉफी."

"आणि तू गं?" ती माझ्याकडे वळली नाही, समोर रस्त्याकडेच बघत होती. "तू कुठे होतीस?"

मी सांगितलं. पुडिंगबद्दलही सांगितलं, का कोण जाणे. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. व्हर्डेलने घसा साफ केला. "गोड झाली होती का?" त्याने विचारलं. "उशिरा वेचलेली पर्सिमनची फळं असली तर चांगली होते."

"झाली होती," मी म्हटलं. कोर्टाच्या कोपऱ्यावर त्यांनी मला उतरवलं तेव्हा मला आभार मानायचंही सुचलं नाही.

व्हर्डेल पुढच्या मार्चमध्ये निवृत्त झाला. हिरवळ आता ठेकेदाराची माणसं कापतात, कुठे दोन इंच, कुठे पाच. कोणी मोजत नाही. मार्लिसबाई अजून अधूनमधून कचेरीत फोन करतात : झाडावर कीड दिसतेय, हार्डिमनचा नंबर द्या. मी देते. तो जातो, बघून येतो. जोनेटा आता त्याच्याबरोबर जाते आणि ट्रकमधून उतरते, अंगणात मधोमध उभी राहते, आणि त्याचं काम होईपर्यंत तिथून हलत नाही. बाईंनी एकदा तिला आत बोलावलं म्हणे. "इथे बरी आहे," जोनेटा म्हणाली.